विश्लेषण : लाकडावरचा ‘हिरवा’ शिक्का कितपत खरा? न्यायालयांनी तपासले तेव्हा काय दिसले?

‘शाश्वत जंगलातून आलेले’ अशी खूण आता वहीच्या मलपृष्ठावर, कागदी पिशवीवर, फर्निचरवर आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या खोक्यावरही दिसते. ती पाहून ग्राहक निर्धास्त होतो. मात्र ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि ब्रिटन या तीन देशांत न्यायालये आणि नियामक यंत्रणांनी अशा दाव्यांमागचा पुरावा मागितला, तेव्हा चित्र तितके हिरवे नव्हते. या प्रकरणांतून निघणारा धडा भारतासाठीही महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे प्रमाणित लाकडाची व्यवस्था आता कुठे आकार घेत आहे.

हिरवा शिक्का म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे लाकडाच्या ओंडक्यावर वन विभागाच्या हातोड्याचा ठसा असतो. लाकूड चोरीचे नाही, एवढेच तो सांगतो. हिरवा शिक्का त्याहून मोठा दावा करतो. हे लाकूड तोडताना जंगल, वन्यजीव आणि स्थानिक लोक यांचे भान राखले, असे त्यातून सूचित होते. जगात असे दोन मोठे शिक्के आहेत. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’चा म्हणजे एफएससीचा एक आणि वेगवेगळ्या देशांच्या प्रमाणन योजनांना एका छत्राखाली मान्यता देणाऱ्या ‘पीईएफसी’चा दुसरा. उत्तर अमेरिकेत ‘सस्टेनेबल फॉरेस्ट्री इनिशिएटिव्ह’ म्हणजे एसएफआय प्रबळ आहे. त्याला पीईएफसीची मान्यता आहे.

या सर्व योजनांची पद्धत साधारण सारखीच. आधी मानके ठरतात, मग मान्यताप्राप्त लेखापरीक्षक कागदपत्रे आणि जंगलाचे काही नमुना भाग तपासतो आणि प्रमाणपत्र देतो. अडचण अशी की, लेखापरीक्षकाची निवड बहुतेक वेळा लाकूड कंपनीच करते आणि त्याचे शुल्कही तीच भरते. शिवाय काही मानके कंपनीकडे योजना, नोंदी आणि धोरण आहे की नाही यावर अधिक भर देतात. तोडीनंतर त्या जमिनीवर काय उरले, हा प्रश्न मागे पडतो.

ऑस्ट्रेलियात वाद कशावरून पेटला?

मेलबर्न शहराच्या ईशान्येला सेंट्रल हायलँड्स हा डोंगराळ भाग आहे. तेथे ‘माउंटन ॲश’ जातीची निलगिरी कुळातील झाडे शंभर मीटरच्या घरात पोहोचतात. जगातील सर्वांत उंच सपुष्प वनस्पतींमध्ये यांची गणना होते. याच जंगलात ‘लेडबीटर पोसम’ हा मुठीत मावेल एवढा निशाचर प्राणी राहतो. शेकरू जसा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तसा हा पोसम व्हिक्टोरिया राज्याचा. तो नामशेष झाला, असे समजले जात होते. १९६१ मध्ये तो पुन्हा सापडला. २००९च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’ वणव्यात त्याच्या अधिवासाचा मोठा भाग जळाला आणि २०१५ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत झाली.

पोसमला राहण्यासाठी झाडाची ढोली लागते. माउंटन ॲशच्या खोडात अशी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे जातात. लाकडासाठी तोडीचे चक्र मात्र साधारण ८० वर्षांचे. म्हणजे तोडलेल्या जागी पुन्हा झाडे उगवली, कागदोपत्री जंगल ‘पुनरुज्जीवित’ झाले, तरी ढोली होण्याआधीच त्या झाडांवर पुन्हा करवत चालणार. झाडांची मोजदाद पूर्ण भरते आणि पोसम मात्र बेघर होतो. ‘शाश्वत’ या शब्दावरचा सारा वाद या हिशेबात आहे.

न्यायालयात काय घडले?

व्हिक्टोरियातील सरकारी जंगलांतली वृक्षतोड ‘व्हिकफॉरेस्ट्स’ ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी करत असे. २०१० मध्येच ईस्ट गिप्सलँडमधील ब्राउन माउंटनच्या जंगलावरून स्थानिक संघटनेने तिला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात खेचले होते आणि तोड रोखणारा निकाल मिळवला होता. पुढे ‘फ्रेंड्स ऑफ लेडबीटर्स पोसम’ या छोट्या संघटनेने केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला.

ऑस्ट्रेलियात संकटग्रस्त प्राण्यांच्या अधिवासाला धोका पोहोचवणाऱ्या कामासाठी १९९९च्या केंद्रीय पर्यावरण कायद्यानुसार परवानगी लागते. मात्र केंद्र व राज्यांमधील ‘प्रादेशिक वन करारां’खाली होणाऱ्या वृक्षतोडीला त्यातून सूट होती. संघटनेचे म्हणणे असे की, कराराशी जोडलेले नियमच कंपनी पाळत नसेल, तर सूट कशाची? २७ मे २०२० रोजी न्यायमूर्ती डेब्रा मॉर्टिमर यांनी ते मान्य केले. लाकूडतोडीचे ६६ कूप या दाव्यात होते. त्यांतील काहींत तोड झाली होती, काहींत व्हायची होती. पोसम आणि ‘ग्रेटर ग्लायडर’ हा झाडावरून झाडावर तरंगत जाणारा प्राणी यांच्याबाबत कंपनीने नियम पाळले नाहीत, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. निकालानंतर काही आठवड्यांतच ‘बनिंग्ज’ या ऑस्ट्रेलियातील बड्या हार्डवेअर साखळीने या कंपनीचे लाकूड विकणे बंद केले.

वरच्या न्यायालयात निकाल फिरला, मग काय उरले?

मे २०२१ मध्ये पूर्णपीठाने कंपनीचे अपील मान्य केले. करारक्षेत्रातील तोडीला मिळणारी सूट नियमभंगामुळे जात नाही. नियमभंग झाला तर तो राज्याच्या कायद्याने हाताळावा, असा त्याचा आशय होता. डिसेंबर २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढील अपिलाची परवानगी नाकारली. संघटना कायद्याच्या मुद्द्यावर हरली.

मात्र पूर्णपीठाने कंपनीचे बाकीचे आक्षेप फेटाळले होते. नियम मोडले गेले, हा वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष तसाच राहिला. नियम मोडले तरी केंद्रीय कायदा लागू होत नाही, हे विचित्र वास्तव यामुळे सर्वांसमोर आले. कायद्यातली भगदाडे बऱ्याचदा अशीच, हरलेल्या खटल्यांतून दिसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने पर्यावरण कायद्यात जी मोठी सुधारणा केली, तिच्यात ही सूट संपवण्याची तरतूद करण्यात आली.

दरम्यान, लढाई पुन्हा राज्याच्या न्यायालयात गेली होती. ‘एन्व्हायर्न्मेंट ईस्ट गिप्सलँड’ आणि ‘किंगलेक फ्रेंड्स ऑफ द फॉरेस्ट’ या संघटनांच्या खटल्यात न्यायमूर्ती मेलिंडा रिचर्ड्स यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल दिला. तोडीआधी संपूर्ण कुपाचे सर्वेक्षण करून ग्लायडर आहेत का, हे पाहावे आणि ते सापडल्यास त्यांच्या वावराची जागा राखावी, असे बंधन कंपनीवर आले. ग्लायडर रात्री फिरतो. त्यामुळे शोध रात्रीच घ्यावा लागतो. स्थानिक स्वयंसेवक वर्षानुवर्षे विजेरी घेऊन हेच करत होते. त्यांना दिसणारे प्राणी यंत्रसामग्री असलेल्या सरकारी कंपनीला मात्र दिसत नव्हते.

मे २०२३ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने घोषणा केली की, नैसर्गिक जंगलांतील व्यापारी वृक्षतोड २०३० पर्यंत न थांबता १ जानेवारी २०२४ पासूनच बंद होईल. खटले आणि वणवे यांमुळे अनिश्चितता वाढल्याचे कारण सरकारने दिले. पुढे व्हिकफॉरेस्ट्सही गुंडाळण्यात आली.

या काळात हिरवे शिक्के काय करत होते?

हा प्रश्न सर्वांत अवघड जागी बोट ठेवतो. व्हिकफॉरेस्ट्सकडे ऑस्ट्रेलियाच्या शाश्वत वनव्यवस्थापन मानकाचे प्रमाणपत्र होते आणि त्या योजनेला पीईएफसीची मान्यता होती. २०२०चा निकाल लागला तेव्हाही ते तिच्याकडे होते. दुसरीकडे, एफएससीचे प्रमाणपत्र मिळवण्याचे तिचे प्रयत्न मात्र एकापेक्षा अधिक वेळा फसले. म्हणजे त्याच जंगलातले, त्याच पद्धतीने तोडलेले लाकूड एका शिक्क्याच्या कसोटीला उतरत होते आणि दुसऱ्याच्या नाही. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला हा फरक कळण्याचा मार्ग नव्हता. त्याला दोन्हीकडे फक्त हिरवे झाड दिसते.

याचा अर्थ एफएससी निष्कलंक आहे, असा नाही. तिच्या आरंभापासून सोबत असलेल्या ग्रीनपीस इंटरनॅशनलने २०१८ मध्ये सदस्यत्व सोडले. शिवाय तिचा शिक्काही एकच नसतो. ‘१०० टक्के’, ‘रिसायकल्ड’ आणि ‘मिक्स’ असे प्रकार असतात. ‘मिक्स’ म्हणजे प्रमाणित जंगलातले, पुनर्वापरातले आणि प्रमाणित नसलेले पण किमान अटी पूर्ण करणारे लाकूड यांचे मिश्रण. बाजारात ‘मिक्स’ सर्रास दिसतो आणि त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

कॅनडात थेट शिक्क्यालाच आव्हान कसे?

ऑस्ट्रेलियात खटले वृक्षतोडीविरुद्ध होते. कॅनडात पर्यावरण संघटनांनी वेगळी वाट धरली. ‘इकोजस्टिस’ या विधि संस्थेमार्फत त्यांनी एसएफआयच्या ‘शाश्वत’ या दाव्याविरुद्ध तेथील स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे ‘कॉम्पिटिशन ब्युरो’कडे तक्रार केली. मानकात प्रत्यक्ष जंगलातील परिणाम सिद्ध करण्याची सक्ती नाही. त्यामुळे ‘शाश्वत’ हा शब्द दिशाभूल करणारा ठरतो, असा तक्रारदारांचा मुद्दा. ब्युरोने २०२३ मध्ये चौकशी सुरू केली. एसएफआयची सुरुवात १९९०च्या दशकात अमेरिकेतील कागद व लाकूड उद्योगाच्या संघटनेने केली होती, पुढे ती स्वतंत्र झाली. तिने आरोप अमान्य केले आहेत आणि चौकशी सुरू होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हेही खरे.

तरीही या तक्रारीने विषयाची चौकटच बदलली. जंगलाचा प्रश्न ग्राहक संरक्षणाचा प्रश्न झाला. जून २०२४ मध्ये कॅनडाने स्पर्धा कायदा बदलून पर्यावरणविषयक दाव्यासाठी पुरेसा पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर टाकली. त्यावर उद्योगांनी नाराजी व्यक्त केली आणि २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारने यातील काही तरतुदी सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. पुरावा मागणारा कायदा टिकवणे हे तो करण्याइतकेच कठीण असते.

ब्रिटनमधील ड्रॅक्सचे प्रकरण काय सांगते?

यॉर्कशायरमधील ‘ड्रॅक्स’ हे एकेकाळी ब्रिटनचे सर्वांत मोठे कोळशाचे वीज केंद्र होते. आता तेथे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट जाळले जातात. हे पेलेट प्रामुख्याने अमेरिका आणि कॅनडातून येतात. ही वीज अक्षय ऊर्जा मानली जाते आणि तिला मोठे सरकारी अनुदान मिळते. २०२२ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने कॅनडातील जुन्या जंगलांचे लाकूड यासाठी वापरले जात असल्याचे दाखवले. त्यानंतर ऊर्जा नियामक ‘ऑफजेम’ने चौकशी केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रॅक्सने अडीच कोटी पौंड भरण्याचे मान्य केले.

येथे नेमकेपणा हवा. कंपनीने हेतुपुरस्सर फसवणूक केली किंवा अनुदान चुकीने दिले गेले, असे ऑफजेमला आढळले नाही. दोष होता तो माहितीत. कॅनडातून आलेल्या लाकडाचा प्रकार काय, हे कंपनीने चुकीचे कळवले आणि तिच्या नोंदी पुरेशा नव्हत्या. पण सरकारी तिजोरीतून पैसा घेणाऱ्याला लाकूड कोणत्या प्रकारचे, हे नीट सांगता येत नसेल, तर ‘शाश्वत’ हा दावा कशाच्या आधारावर उभा राहतो? या क्षेत्रातली ‘सस्टेनेबल बायोमास प्रोग्राम’ ही प्रमाणन योजनाही २०१३ मध्ये ऊर्जा कंपन्यांनीच उभी केली होती.

उद्योगाची बाजू काय?

ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. लाकूड हे सिमेंट, पोलाद आणि प्लास्टिकच्या तुलनेत कमी प्रदूषणकारी साहित्य ठरू शकते. एका देशात तोड बंद झाली, तर मागणी संपत नाही. ती कमकुवत कायदे असलेल्या देशाकडे वळते. रोजगाराचा प्रश्नही खरा आहे. व्हिक्टोरियातील मेरीव्हेल गिरणीने लाकडाच्या टंचाईमुळे २०२३च्या सुरुवातीला पांढरा कागद बनवणे थांबवले आणि कामगारांचे रोजगार गेले. जंगल तोडण्याचा निर्णय त्या कामगारांचा नव्हता, फटका मात्र त्यांना बसला.

पण या युक्तिवादातून हिरव्या शिक्क्याला अभय मिळत नाही. तोड थांबणार याची चिन्हे अनेक वर्षे दिसत होती. सगळे शाश्वत आहे, असे प्रमाणपत्रे सांगत राहिल्यामुळे लागवडीच्या लाकडाकडे वळण्याची निकड कोणालाच वाटली नाही. वेळीच खरे चित्र समोर आले असते, तर कामगारांना तयारीला अवधी मिळाला असता. खोटा दिलासा जंगलाइतकाच त्यावर पोट असणाऱ्यांनाही महागात पडतो.

न्यायालये हा पुरेसा उपाय आहे का?

नाही, कारण न्यायालय बहुधा उशिरा पोहोचते. ६६ कुपांच्या दाव्यात निकाल लागला तेव्हा काही कूप तोडून झाले होते. मुंबईकरांना आरेचा अनुभव आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठीची तोड सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. भरपाई देता येते, दंड करता येतो. शंभर वर्षांची ढोली मात्र परत आणता येत नाही.

म्हणून पुराव्याची वेळ बदलली पाहिजे. आज आधी शिक्का मिळतो, मग तोड होते आणि पुरावा मागायचा तर कोणाला तरी पदरमोड करून न्यायालयात जावे लागते. हा क्रम उलटा हवा. या दिशेने युरोपीय महासंघाने पावले टाकली आहेत. त्याच्या जंगलतोडविरोधी नियमात लाकूड नेमक्या कोणत्या जमिनीवरून आले, त्याचे भौगोलिक स्थान द्यावे लागते. प्रमाणपत्र दाखवले म्हणून ही जबाबदारी टळत नाही. अर्थात या नियमाची अंमलबजावणी आतापर्यंत दोनदा पुढे ढकलण्यात आली आहे. दुसऱ्या एका निर्देशानुसार, सप्टेंबर २०२६ पासून ‘पर्यावरणस्नेही’सारखे मोघम दावे पुराव्याविना करण्यास तेथे मनाई असेल.

भारतात स्थिती काय?

वृक्षतोडीवर न्यायालयाने अंकुश ठेवण्याचे भारतातील उदाहरण जगात गाजलेले आहे. टी. एन. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि देशभरातील अनेक आरागिरण्यांना टाळे लागले. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्तीने ही व्याप्ती आक्रसू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे जुनाच अर्थ पाळण्यास सांगितले.

शिक्क्यांच्या आघाडीवर मात्र सारे नवे आहे. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना सुरू केली. ती ऐच्छिक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘हिरव्या’ दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे शब्द वापरायचे, तर त्याचा आधार क्यूआर कोड किंवा संकेतस्थळाच्या दुव्यातून ग्राहकाला उपलब्ध करून देणे त्यांत अपेक्षित आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे.

झाडे मोजायची की जंगल, हा व्हिक्टोरियातला प्रश्न येथेही लागू होतो. आपल्या वनस्थिती अहवालात एक हेक्टर जागेवर दहा टक्के झाडोरा असला, की ते वनाच्छादन ठरते. मग ती फळबाग असो वा एकाच जातीची लागवड. महाराष्ट्रात १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर अनेक ठिकाणी मिश्र जंगलाच्या जागी साग उभा राहिला. सागाला बाजारभाव आहे. पण मोहफुले, चारोळी आणि तेंदूपाने त्यातून मिळत नाहीत. अशा लाकडाला उद्या ‘शाश्वत’ म्हणायचे का, याचे उत्तर लेखापरीक्षकाच्या फायलीत सापडणार नाही. ते त्या जंगलावर जगणाऱ्या गावाला विचारावे लागेल. गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूची तोड आणि वाहतूक परवाने गावानेच हाताळले. आपल्या जंगलावर देखरेख गावही करू शकते, हे त्यातून दिसले.

मग काय व्हायला हवे?

भारताची प्रमाणन योजना बाल्यावस्थेत आहे, म्हणून दुरुस्तीची हीच वेळ. लेखापरीक्षकाची नेमणूक आणि मानधन कंपनीऐवजी स्वतंत्र निधीतून व्हावे. प्रमाणित कुपांचे नकाशे, तोडीच्या तारखा आणि सर्वेक्षणाचे अहवाल तोडीपूर्वी सर्वांसाठी खुले असावेत. ग्रामसभेचा आक्षेप असेल, तर त्याचे उत्तर मिळेपर्यंत शिक्का देऊ नये. आणि नियमभंग सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र आपोआप स्थगित व्हावे.

ग्राहकाच्या हाती तूर्त एवढेच आहे की, शिक्का पाहून थांबू नये. तो ‘१०० टक्के’ आहे की ‘मिक्स’, क्यूआर कोड नेमका कोणत्या जंगलापर्यंत नेतो, की कंपनीच्या जाहिरातीपर्यंतच नेऊन सोडतो, हे पाहावे. व्हिक्टोरियातल्या स्वयंसेवकांनी विजेरी घेऊन जे केले ते हेच होते. त्यांनी कागदावरचे वाक्य रात्री जंगलात जाऊन पडताळून पाहिले आणि पुढे न्यायालयात तोच पुरावा ठरला.